जांबोटीच्या सहा एकरांत परदेशी पैसा आणताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्यात जांबोटीजवळ घरची सहा एकर वडिलोपार्जित जमीन आहे. तिथे सोळा खोल्यांचे रिसॉर्ट काढायचे असून खर्चाचा अंदाज ४ कोटी आहे. चुलतभाऊ मस्कतला नोकरीला आहे, त्याचा पासपोर्ट भारतीय, तो ५० लाख घालतो म्हणतो. त्याच्या ओळखीचा एक ओमानी व्यावसायिक २ कोटी द्यायला तयार आहे. त्याला ४० टक्के भाग हवा आणि पाच वर्षांनी १५ टक्के दराने पैसे परत मिळण्याची हमी हवी. जमीन कंपनीच्या नावावर करावी का, पैसा कसा आणावा आणि दिवाळीनंतर काम सुरू होईल का, असे तुम्ही विचारले आहे.

जमीन कंपनीला विकू नका, भाड्याने द्या. पैसा कोणत्या वाटेने यायचा ते पहिला रुपया बँकेत येण्याआधी कागदावर ठरवा. सोळा खोल्यांनी सुरुवात करू नका. १५ टक्क्यांची हमी कायद्याने देताच येत नाही, म्हणून ती अट आजच काढायला लावा. दिवाळीचे शेवटी सांगतो.

पर्यटनातली परदेशी गुंतवणूक म्हटली की मोठ्या साखळीने पैसा ओतून हॉटेल बांधल्याचे चित्र डोळ्यांसमोर येते. विकसनशील देशांत असे क्वचितच घडते. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेने २००७ मध्ये या विषयावर स्वतंत्र अहवाल काढला. बहुतेक परदेशी हॉटेल कंपन्या भांडवल घालत नाहीत, नाव आणि व्यवस्थापन देतात, हे त्यात स्पष्ट दिसते. भांडवल स्थानिक मालकाचे, जोखीम त्याचीच, आणि साखळी उलाढालीच्या साधारण २-३ टक्के मूळ शुल्क आणि वर नफ्यातला वाटा घेते. बेळगाव शहरात बाहेरचे नाव लागलेले हॉटेल दिसले म्हणून परदेशी पैसा आला असे समजू नये. भारतात २००० सालापासून आलेल्या थेट परकीय भांडवलात हॉटेल-पर्यटनाचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे तुमच्याकडे स्वतःचे २ कोटी घालून भागीदार व्हायला कुणी तयार आहे, ही दुर्मीळ गोष्ट आहे. ती कागदांपायी वाया जाऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितो.

कायद्याच्या बाजूने वाट मोकळी आहे. हॉटेल, रिसॉर्ट आणि पर्यटन व्यवसायात १०० टक्के परकीय गुंतवणूक आपोआप मार्गाने चालते, दिल्लीची आधी परवानगी लागत नाही. २०१९ च्या कर्जेतर साधनांच्या (शेअरसारख्या, कर्ज नसलेल्या गुंतवणुकीच्या) नियमांत हे आहे. बांधकाम प्रकल्पांतल्या परदेशी पैशाला तीन वर्षे अडकून राहण्याची अट असते, तीही हॉटेल आणि रिसॉर्टला लागू नाही. पण याच नियमांत तीन गोष्टींना बंदी आहे आणि तिन्ही तुमच्या शिवाराशी संबंधित आहेत. जमिनीची खरेदी-विक्री करून नफा कमावणे, फार्महाऊस बांधणे आणि साधी शेती. जांबोटी-चोर्ला रस्त्यावर 'रिसॉर्टमधला स्वतःचा बंगला घ्या, भाडे आम्ही देतो' अशा योजना सुचवणारे एजंट भेटतील. परदेशी पैसा असलेल्या कंपनीने असे फार्महाऊस प्लॉट विकले की सगळी गुंतवणूक बेकायदा ठरते. खोल्या भाड्याने द्या, विकू नका.

ओमानी गृहस्थ कुठल्या देशाचा नागरिक आहे हे पासपोर्टवरून पाहून घ्या, बोलण्यावरून नको. आखातात राहणारा माणूस पाकिस्तान, बांगलादेश किंवा नेपाळचाही असू शकतो. भारताच्या भूसीमेला लागून असलेल्या देशाचा नागरिक असेल, किंवा पैशाचा खरा मालक तिथला असेल, तर १७ एप्रिल २०२० च्या आदेशाने आपोआप मार्ग बंद होतो आणि सरकारची मंजुरी लागते. तो खरोखर ओमानचाच असेल तर अडचण नाही. ओमान अपोस्टिल करारात (एका देशाचा कागद एकाच शिक्क्यावर दुसऱ्या देशात मान्य करण्याच्या करारात) आहे, त्यामुळे त्याच्या पासपोर्टची आणि पत्त्याच्या पुराव्याची प्रत मस्कतमध्येच अपोस्टिल होते. हा भागीदार दुबईत असता तर भारतीय वकिलातीतून साक्षांकन करावे लागले असते, कारण अमिराती त्या करारात नाहीत.

आता दोघांचा पैसा. दोन्ही रक्कम मस्कतहून येणार, पण कायद्यात दोन वेगळ्या जातीचा पैसा आहे.

भाऊ अनिवासी भारतीय आहे. त्याला 'परत न नेण्याच्या' तत्त्वावर गुंतवता येते आणि तेव्हा त्याचे ५० लाख देशी गुंतवणूकच मानले जातात. रिझर्व्ह बँकेचा कुठलाही फॉर्म लागत नाही. परत न नेणे म्हणजे पैसा कायमचा अडकला असे नव्हे. लाभांश कर भरून बाहेर नेता येतो. पुढे शेअर विकले तर रक्कम त्याच्या एनआरओ (अनिवासी भारतीयाच्या इथल्या रुपयांच्या) खात्यात जमा होते आणि त्या खात्यातून दर आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येते. ५० लाखांसाठी ही मर्यादा पुरून उरते. भावाने हाच मार्ग घ्यावा असे माझे ठाम मत आहे. संचालक मंडळाच्या ठरावात मात्र 'परत न नेण्याच्या तत्त्वावर' हे शब्द आले पाहिजेत. ते राहिले की पाच वर्षांनी बँक विचारते आणि उत्तर सापडत नाही.

ओमानी भागीदाराचे २ कोटी ही खरी थेट परकीय गुंतवणूक. ती खासगी मर्यादित कंपनीतच घ्या. किमान एक संचालक वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेला हवा, तो तुम्ही असाल. मोबदल्यात साधे शेअर, किंवा सक्तीने शेअरमध्ये बदलणारे प्राधान्य शेअर किंवा डिबेंचर (कर्जरोखे) द्यायचे. 'वाटले तर शेअर, नाहीतर पैसे परत' असे साधन दिले की ते कर्ज ठरते आणि परदेशी कर्जाचे वेगळे नियम लागू होतात.

४० टक्क्यांचे गणित इथेच चुकते. जमीन कंपनीत नाही, त्यामुळे घरच्यांनी समजा १० लाख घातले आणि सगळ्यांना १० रुपयांनी शेअर दिले, तर २ कोटी आणि ५० लाखांपुढे घरच्यांचा भाग चार टक्क्यांवर येईल. मग लोक घाबरून जमीन कंपनीत घालतात. ते करू नका, शेअर अधिमूल्याने, म्हणजे दर्शनी किमतीपेक्षा जास्त दराने द्या. उदाहरणार्थ, घरच्यांना १० रुपये दराने १ लाख शेअर, म्हणजे १० लाख. ओमानी भागीदाराला २५० रुपये दराने ८० हजार शेअर, म्हणजे २ कोटी. भावाला त्याच दराने २० हजार शेअर, म्हणजे ५० लाख. एकूण २ लाख शेअरांत ५०, ४० आणि १० टक्के. उरलेले १ कोटी ४० लाख बँकेचे कर्ज. परकीय भागीदाराला शेअर वाजवी मूल्यापेक्षा कमी दराने देता येत नाहीत, जास्त दराने देता येतात, म्हणून हे बसते. पूर्वी अशा अधिमूल्यावर कर लागायचा, तो २०२४ च्या जुलैमधल्या अर्थसंकल्पाने काढला. मूल्यांकन मात्र दोन लागतात. कंपनी कायद्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचे आणि परकीय चलन कायद्यासाठी सीए, कॉस्ट अकाउंटंट किंवा मर्चंट बँकरचे. बेळगावातले बरेच सल्लागार एकावरच भागवतात आणि बँक फाइल परत पाठवते.

पाच वर्षांनी १५ टक्के हमी का देता येत नाही? भारतात राहणारा परदेशी व्यक्तीकडून शेअर परत घेतो तेव्हा त्या दिवसाच्या वाजवी मूल्यापेक्षा जास्त देऊ शकत नाही, आणि बाहेर पडण्याचा दर आधी ठरवून ठेवायलाही बंदी आहे. त्याला शेअर विकायचा हक्क करारात देता येतो, पण किमान एका वर्षानंतर आणि त्या वेळच्या मूल्याने. हे त्याला पहिल्याच बैठकीत सांगा. नंतर कळले की तो फसवल्यासारखा वागतो, आणि त्याचे चुकत नाही.

पैसा प्रत्यक्ष येताना पुढचा क्रम मोडू नका. आधी कंपनी स्थापन करायची. मग भाग देण्याचा ठराव आणि ऑफरपत्र. मग याच कामासाठी उघडलेल्या वेगळ्या बँक खात्यात, भागीदाराच्या स्वतःच्या खात्यातून, थेट पैसा. मग पैसा आल्यापासून ६० दिवसांच्या आत शेअरवाटप. ते जमले नाही तर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत. वाटपानंतर १५ दिवसांत कंपनी निबंधकाकडे पीएएस-३ हा वाटपाचा फॉर्म, आणि ते भरेपर्यंत खात्यातल्या पैशाला हात नाही. वाटपापासून ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेच्या फर्म्स पोर्टलवर एफसी-जीपीआर, म्हणजे परदेशी व्यक्तीला शेअर दिल्याचा फॉर्म. त्याला बँकेचा परकीय आवक दाखला, पाठवणाऱ्या बँकेचा केवायसी अहवाल, मूल्यांकन, कंपनी सचिवाचे प्रमाणपत्र आणि ठराव जोडायचा. मग दर वर्षी १५ जुलैपर्यंत परकीय देणी-मालमत्तेचे वार्षिक विवरण, त्या वर्षी एक रुपयाही आला नसला तरी.

यात सगळ्यात जास्त वेळा बिघडते ते बँकेच्या एका रकान्यात. पैसा येताना बँक 'कशासाठी' याचा कोड लावते. मस्कतहून घरी दर महिन्याला पैसे येतात, त्यावर 'कौटुंबिक निर्वाह' कोड लागलेला असतो. तोच सवयीने या रकमेलाही लागतो. किंवा कंपनी अजून झालेली नसते, पण चिरा आणि सिमेंट स्वस्तात मिळतेय म्हणून भागीदार १५-२० लाख तुमच्या बचत खात्यावर टाकतो. ती रक्कम पुढे शेअरभांडवल म्हणून दाखवता येत नाही, ती तुम्हाला मिळालेली रक्कम होते आणि आयकर खाते तिच्याबद्दल विचारते. त्याला आधीच सांगा, 'कंपनीच्या खात्याचा नंबर येईपर्यंत एक रियालही पाठवू नका.' फॉर्मला उशीर झाला तर सुधारता येते. २ कोटींवर सहा महिने उशीर झाला तर विलंबशुल्क ७,५०० अधिक २,५०० म्हणजे १०,००० रुपये. तीन वर्षांच्या पुढे गेले की शुल्काने सुटत नाही, रिझर्व्ह बँकेकडे तडजोडीचा अर्ज करावा लागतो.

जमिनीकडे वळतो, कारण खानापूर तालुक्यात प्रकल्प अडकतात ते पैशापेक्षा उताऱ्यावर.

उतारा काढून रकाना ९, १० आणि ११ समोर ठेवा. नवव्यात मालकांची नावे, दहाव्यात ती कशी लागली त्याचा फेरफार, अकराव्यात कर्ज आणि इतर हक्क. वडिलोपार्जित जमीन म्हणजे २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचाही समान वाटा. तुमच्या आत्या आणि बहिणी चंदगड, आजरा, सावंतवाडीकडे दिलेल्या असतील, त्यांची नावे उताऱ्यावर नसतील, पण हक्क आहे. वाटणीपत्र किंवा हक्कसोडपत्र करून घ्या, आणि त्यासाठी त्यांना शक्यतो खानापूरच्या सब-रजिस्ट्रार कार्यालयातच आणा. महाराष्ट्रात स्टॅम्पवर केलेला कागद कर्नाटकातल्या जमिनीसाठी पुन्हा मुद्रांकित करावा लागतो आणि तोवर कुणाचे तरी मन बदलते. सह्या मनापासून घ्या, आणि त्यांचा वाटा भाड्यातून कसा मिळेल ते लिहून द्या.

जमीन पूर्वी सरकारने दिलेली असेल आणि मूळ धारक अनुसूचित जाती-जमातीचा असेल, तर १९७८ च्या कर्नाटक कायद्याने परवानगीशिवाय झालेले हस्तांतर रद्द होते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याला मुदतीचे बंधनही राहिलेले नाही. म्हणून मूळ मंजुरीची कागदपत्रे शोधा, फक्त गेल्या तीस वर्षांचे बोजा प्रमाणपत्र पुरत नाही. खराब (लागवडीस अयोग्य म्हणून नोंदलेले) क्षेत्रही तपासा. 'ब' खराब म्हणजे नाला, पाणंद, सार्वजनिक वाट. ते तुमच्या उताऱ्यात दिसले तरी तुमचे नाही.

सहाही एकर बिगरशेती करायची गरज नाही. मोजणीदाराकडून ११-ई नकाशा काढून दोन एकर वेगळे करा आणि तेवढ्याच जमिनीचे कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम ९५ खाली, तुमच्याच नावावर, जिल्हाधिकाऱ्यांकडून रूपांतर घ्या. मग ते दोन एकर नोंदणीकृत भाडेपट्ट्याने कंपनीला द्या. तीस वर्षांची मुदत, वर्षाला ठरावीक भाडे आणि वर खोल्यांच्या उत्पन्नाचे ५ टक्के, अशी रचना दोघांनाही परवडते. मालदीवमध्ये १९७२ पासून रिसॉर्ट उभी राहिली ती बेटे भाड्याने देऊन. तिथे परदेशी भांडवल आले, जमिनीची मालकी देशातच राहिली. बँक कर्जासाठी भाडेपट्टा गहाण मागेल, त्याला संमती देणारे कलम आधीच घाला. जमिनीची मूळ मालकी मात्र गहाण टाकू नका.

उरलेले चार एकर घरच्यांनीच पिकवावेत. परदेशी भांडवलाच्या कंपनीने भात पिकवणे नियमात बसत नाही, आणि ते बसू नये हेच बरे. कंपनीने तांदूळ, भाजी, दूध तुमच्याकडून आणि गावाकडून विकत घ्यावे. करारात लिहा: स्वयंपाकघराच्या खरेदीपैकी अमुक टक्के खानापूर आणि बेळगाव तालुक्यातून, नाश्त्याचे पदार्थ गावातल्या स्त्रीशक्ती संघाकडून, कुंदा, मांडे आणि गोकाकचा करदंट बेळगाव जिल्ह्यातूनच. डॉमिनिकन रिपब्लिकसारख्या देशांत सगळे-खर्च-आत अशा पॅकेजची रिसॉर्ट भरली, पण पाहुण्याचा पैसा गेटाबाहेर फारसा पडला नाही. ही कलमे सुरुवातीला घालता आली तरच जातात, धंदा सुरू झाल्यावर कोणी ऐकत नाही.

वनखात्याचा दाखला रूपांतराच्या अर्जाआधी घ्या. तुमच्या तालुक्यातले भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झाले, क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. अभयारण्याभोवतीच्या संवेदनशील पट्ट्यांच्या अधिसूचनांत हद्दीपासून एक किलोमीटरपर्यंत नवी व्यापारी हॉटेले-रिसॉर्ट सहसा चालत नाहीत. शिवाय पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ ला निघाला. कर्नाटकाने त्याला विरोध केला आहे, पण तुमचे गाव त्या यादीत आहे का ते नावानिशी पाहा. जंगलाला लागून हत्ती आणि गवे येतात, म्हणून कुंपण घालताना त्यांच्या वाटा अडवू नका. झाडे तोडायला १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने परवानगी लागते. माझ्या मते आराखडा झाडांभोवती फिरवावा, कारण माणसे तिथे येणार ती झाडांसाठीच.

आता सोळा खोल्या का नकोत. वर्षात १६ × ३६५ म्हणजे ५,८४० खोली-रात्री. गोवा, कोल्हापूर, पुणे, हुबळीकडचा पाहुणा शनिवार-रविवारचा. ३५ टक्के भरल्या असे धरले तर २,०४४ रात्री, ४,५०० रुपये दराने सुमारे ९२ लाख. पगार, वीज, जेवण, बुकिंग संकेतस्थळांचे १५ ते २५ टक्के कमिशन वजा जाता व्याज आणि करापूर्वी ३० टक्के उरले तर २७ लाख ६० हजार. ४ कोटींवर हा सात टक्केही होत नाही. आठ खोल्या, प्रत्येकी १५ लाख म्हणजे १ कोटी २० लाखांत बांधल्या, ४० टक्के भरल्या आणि दर ५,००० ठेवला, तर १,१६८ रात्री, ५८ लाख ४० हजार, त्यातले साडेसतरा लाख उरतात. साडेचौदा टक्के. आकडे तुमच्या जागेनुसार बदलतील, पण उतार याच दिशेचा राहील. म्हणून भागीदाराचे पैसे दोन हप्त्यांत घ्या. दुसऱ्या हप्त्याला नवे मूल्यांकन आणि नवा एफसी-जीपीआर लागेल हे लक्षात ठेवून.

खर्चात जीएसटी विसरतात. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के कर आहे, पण खरेदीवर भरलेला कर परत मिळत नाही. बांधकामावरचा कर तर कुठल्याच दरात वजा होत नाही. तुम्ही नोंदणी नसलेले जमीनमालक असाल तर भाड्यावरचे १८ टक्के कंपनीलाच भरावे लागतात. आठ खोल्यांच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या हिशेबाने वर्षाला २ लाख ९२ हजार भाडे असेल तर ५२ हजारांच्या वर. हा खर्चच आहे, परतावा नाही.

परवान्यांबद्दल लांबवत नाही. १५ कोटींपर्यंतचा प्रकल्प जिल्हास्तरीय एक खिडकी समितीपुढे जातो. प्रदूषण नियंत्रण मंडळाची बांधण्याआधी आणि चालवण्याआधी अशी दोन संमतिपत्रे, अग्निशमन, अन्नसुरक्षा, ग्रामपंचायतीची ई-स्वत्तु (मालमत्तेची ऑनलाइन) नोंद आणि हेस्कॉमची वीजजोडणी. पावसाळ्यात लाइन पडली की दोन दिवस वीज नसते, म्हणून जनरेटर आराखड्यातच धरा. फलकावर ६० टक्के जागा कन्नडला हा २०२४ चा नियम आहे, उरलेल्या जागेत मराठी बसते. आदेश सगळे कन्नडमध्ये येतात, ओमानी भागीदाराला प्रमाणित इंग्रजी भाषांतर द्या, तोंडी सांगून चालणार नाही. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची ऑनलाइन नोंद. राज्याच्या पर्यटन धोरणातले अनुदान मिळाले तर घ्या, पण कर्जाच्या हिशेबात धरू नका.

दिवाळीबद्दल. तुमच्या भागात पाऊस जूनमध्ये लागला की ऑक्टोबरपर्यंत मोजणी होत नाही. बांधावर पाणी आणि शेतात भात उभे असते, साखळी ओढायला जागा नसते. तुमच्याच तालुक्यातल्या कणकुंबीला काही वर्षी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. त्यामुळे हद्दीची मोजणी मेअखेर झाली नसेल तर या दिवाळीत पाया काढायचा बेत सोडा. पावसाळ्याच्या चार महिन्यांत वाटणीपत्र, कंपनी आणि भागीदाराचे अपोस्टिल पुरे होते. मोजणी नोव्हेंबरात, रूपांतर आणि वनखात्याचा दाखला उन्हाळ्यापर्यंत, दोन्ही मूल्यांकने आणि पैसा रूपांतराचा आदेश हातात आल्यावरच, आणि पाया पुढच्या दिवाळीनंतर.

या पावसात त्या दोन एकरांत एक काम करून ठेवा. दहा-दहा मीटरवर बांबूच्या खुंट्या मारा, जुलैत मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन कुठल्या खुंटीला पाणी किती चढले ते खडूने आखा, आणि फोटो तारखेसह ठेवा. खोल्या कुठे येतील आणि सांडपाण्याची टाकी कुठे, हे आर्किटेक्टला त्या रेघांवरून ठरवायला सांगा.